चौसष्ट बाइटांची ओढाताण

नवा फोन किंवा लॅपटॉप घेताना दुकानदार हमखास सांगतो, ‘आठ कोअर आहेत.’ कोअर म्हणजे एकाच चिपवर बसवलेला स्वतंत्र प्रोसेसर. चाराच्या जागी आठ आले की काम दुप्पट वेगाने व्हायला हवं, असा आपला साधा हिशेब. पुष्कळदा तो बरोबर येतो. पण काही कामांत उलटंच घडतं. कोअर वाढवत नेले की एका टप्प्यानंतर एकूण काम कमी होऊ लागतं.

याहून चमत्कारिक एक प्रयोग कोणालाही करून पाहता येतो. दोन कोअर घ्या आणि दोघांना वेगवेगळा आकडा द्या. पहिल्याने ‘अ’ एकेकाने वाढवत न्यायचा, दुसऱ्याने ‘ब’. कोणी कोणाच्या आकड्याला हात लावत नाही. हे दोन आकडे मेमरीत शेजारीशेजारी असले, तर दोघं एकदम धावू लागताच प्रत्येकाचा वेग एकट्याने धावतानाच्या कितीतरी खाली येतो. आता ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यामध्ये ५६ बाइट रिकामी जागा सोडा. दोघं पुन्हा सुसाट. प्रोग्राममधली एकही सूचना बदललेली नाही. आकड्यांमधलं अंतर तेवढं वाढलं.

हे कोडं सुटलं की ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, गेली कित्येक वर्षं चाललेल्या एका मोठ्या कामाचा अर्थ लागतो. आपल्या फोनमधला अँड्रॉइड लिनक्स कर्नलवर उभा आहे आणि जगातले बहुतेक मोठे सर्व्हरही त्यावरच चालतात. त्यामुळे पुढची उदाहरणं लिनक्सची आहेत.

माल सुटा मिळत नाही

मुख्य मेमरी प्रोसेसरच्या मानाने फार संथ असते. तिथून एखादी गोष्ट आणायला शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ जातो. तेवढ्यात तीन गिगाहर्ट्‌झच्या कोअरचे तीनशे ठोके होऊन जातात. म्हणून प्रत्येक कोअरजवळ कॅश नावाचा छोटा पण अतिशय जलद साठा असतो. लागणारी गोष्ट एकदा आणून तिथे ठेवायची. अगदी जवळच्या कॅशमधली वस्तू चार-पाच ठोक्यांत हाती येते.

मात्र कॅशमध्ये माल सुटा येत नाही. हवा असतो एक बाइट, पण त्याच्या आसपासचा ठरावीक मापाचा तुकडाच उचलला जातो. या तुकड्याला कॅशलाइन म्हणतात. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांवर ती ६४ बाइटांची असते, ॲपलच्या एम मालिकेच्या चिपांवर १२८ बाइटांची, तर आयबीएमच्या मेनफ्रेमवर २५६ बाइटांची.

वाचायचं असेल तोवर कसलंच भांडण नाही. एकाच कॅशलाइनच्या प्रती वाटेल तितक्या कोअरांजवळ सुखाने राहतात. अडचण लिहिताना येते. एका कोअरने आपल्या प्रतीत बदल केला आणि बाकीच्यांकडे जुनीच प्रत राहिली, तर एकाच पत्त्यावर दोन वेगळी मूल्यं दिसतील. हे टाळायला प्रोसेसरचा नियम कडक आहे: लिहिणाऱ्याकडे एकमेव प्रत हवी. लिहिण्याआधी इतर सगळ्यांच्या प्रती रद्द कराव्या लागतात. मग दुसऱ्याला त्याच कॅशलाइनवर लिहायचं झालं, की ती पहिल्याकडून त्याच्याकडे जाते आणि पहिल्याची प्रत रद्द होते. ही ने-आण एकाच चिपवर असली तरी दोन आकडी नॅनोसेकंद खाते. दोन स्वतंत्र चिपांच्या सर्व्हरवर ती शंभरी ओलांडते.

> चौकट : कॅशलाइनच्या चार अवस्था
>
> १९८४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी मांडलेली पद्धत ‘मेसी’ या नावाने ओळखली जाते. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत तिचीच सुधारित रूपं आहेत.
>
> *बदललेली* – प्रत फक्त माझ्याकडे आहे, आणि मी तिच्यात लिहिलंय.
> *एकट्याची* – प्रत फक्त माझ्याकडे आहे, अजून कोरी आहे.
> *सामायिक* – इतरांकडेही प्रती असू शकतात. वाचा, लिहू नका.
> *रद्द* – माझ्याकडची प्रत आता निरुपयोगी.
>
> ‘सामायिक’मधून ‘बदललेली’त जायचं असेल तर इतरांच्या प्रती रद्द झाल्याशिवाय जाता येत नाही. या लेखातला सगळा खर्च त्या एका पायरीचा आहे.

एकच पावतीपुस्तक

वर्गणी गोळा करणाऱ्या गणेशमंडळाकडे एकच पावतीपुस्तक असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा. चार कार्यकर्ते चार गल्ल्यांत फिरताहेत. पावती फाडायला दहा सेकंद पुरतात, पण प्रत्येक पावतीसाठी पुस्तक दुसऱ्या गल्लीतून मागवावं लागतं. सगळी संध्याकाळ पुस्तकाच्या ने-आणीत जाणार, आणि कार्यकर्ते वाढवले तर ने-आण आणखी वाढणार. ‘मी माझ्या गल्लीच्या पानावरच लिहीन’ असं प्रत्येकाने ठरवूनही उपयोग नाही, कारण पान सुटं निघत नाही. हलतं ते अख्खं पुस्तक. ‘अ’ आणि ‘ब’ यांचं नेमकं हेच झालं होतं. दोन्ही आकडे आठ-आठ बाइटांचे, शेजारी असल्यामुळे एकाच ६४ बाइटांच्या कॅशलाइनमध्ये बसलेले. कोअरांना आकडे वेगळे दिसत होते, कॅशला तुकडा एकच दिसत होता. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात: भागीदारी नसताना भागीदारीचा भुर्दंड.

मंडळं अर्थातच असं करत नाहीत. प्रत्येक कार्यकर्त्याला वेगळं पुस्तक, वेगळे अनुक्रमांक, आणि रात्री खजिनदार सगळ्यांची बेरीज करतो. कर्नलनेही तेच केलं. किती पॅकेट आली, किती पानं मेमरीत वापरात आहेत, असे असंख्य आकडे कर्नलला सतत मोजावे लागतात. पूर्वी एका मोजणीला एक सामायिक आकडा असे. आता अशा अनेक मोजण्यांसाठी प्रत्येक कोअरचा स्वतःचा आकडा असतो, तोही त्याच्या स्वतःच्या कॅशलाइनमध्ये. एकूण हवी असेल तेव्हाच बेरीज होते.

यात द्यावं काय लागतं हेही स्पष्ट पाहायला हवं. बेरीज महागते, कारण सगळ्या कोअरांचे आकडे फिरून गोळा करावे लागतात. शिवाय बेरीज चालू असताना आकडे बदलतच असतात, त्यामुळे मिळतो तो अंदाज. नेटवर्कची आकडेवारी दाखवायला एवढं पुरतं. पण डिस्कवरची शेवटची काही जागा उरली असताना ‘जागा आहे का’ हे अंदाजाने सांगून चालत नाही. तिथे कर्नल मधला मार्ग घेतो: प्रत्येक कोअर ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतःकडे मोजतो, मर्यादा ओलांडली की ती रक्कम मुख्य आकड्यात ओततो, आणि जागा संपत आली की नेमकी बेरीज मागवली जाते. कोणत्या आकड्याला किती अचूकपणा हवा, हे ज्याला ते काम ठाऊक आहे त्यालाच ठरवता येतं. यंत्र ते आपोआप करू शकत नाही, आणि मला या विषयाचं सर्वांत मोठं आकर्षण तिथेच वाटतं.

२०१० मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी ४८ कोअरच्या एका यंत्रावर सात प्रत्यक्ष वापरातले प्रोग्राम चालवून पाहिले. मेल सर्व्हर, वेब सर्व्हर, डेटाबेस वगैरे. एकाचा अपवाद सोडता प्रत्येक प्रोग्रामला लिनक्स कर्नलमध्ये कुठेतरी अडथळा लागला, आणि त्यांतले पुष्कळसे अडथळे अशा सामायिक आकड्यांचे आणि लॉकचे होते. त्यांनी जवळपास तीन हजार ओळींच्या दुरुस्त्या केल्या आणि बहुतेक अडथळे दूर झाले. कोट्यवधी ओळींच्या कर्नलमध्ये तीन हजार ओळी म्हणजे काहीच नव्हे. रोग मोठा दिसत होता, पण तो मोजक्या जागी होता.

लॉकसमोरची गर्दी

लॉक म्हणजे ‘एका वेळी एकानेच आत यावं’ अशी सोय. लिनक्समध्ये १९९६ च्या २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसर वापरण्याची क्षमता आली तेव्हा अख्ख्या कर्नलला मिळून एकच मोठा लॉक होता. पुढे त्याचे तुकडे होत गेले आणि २०११ च्या २.६.३९ मध्ये त्याचा शेवटचा अवशेषही गेला. लहान लॉक हा अर्धाच उपाय होता, कारण लॉकही मेमरीतच असतो आणि त्याची स्वतःची कॅशलाइन असते. वाट पाहणारे तीस कोअर तीच कॅशलाइन पुन्हा पुन्हा वाचत राहतात. लॉक सुटला की तिसांच्याही प्रती रद्द होतात आणि तीसही जण एकदम ती मागतात. आतलं काम क्षणाचं असलं तरी बाहेरचा गोंधळ मोठा.

यावरचा उपाय जॉन मेलर-क्रमी आणि मायकल स्कॉट यांनी १९९१ मध्ये सुचवला. प्रत्येक वाट पाहणाऱ्याने स्वतःच्या कॅशलाइनवर नजर ठेवावी, आणि लॉक सोडणाऱ्याने रांगेतल्या पुढच्या एकालाच खूण करावी. लिनक्सच्या ४.२ आवृत्तीत, २०१५ मध्ये, या कल्पनेवर बेतलेला लॉक आला.

फाइल शोधणं म्हणजे लिहिणं?

आता या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. कुठलीही फाइल उघडायची तर कर्नलला तिचा पत्ता पायरीपायरीने चालावा लागतो. आधी मूळ डिरेक्टरी, तिच्यात ‘होम’, त्यात वापरणाऱ्याचं नाव, त्यात ‘हिशेब’, आणि शेवटी फाइल. प्रत्येक पायरीची माहिती कर्नल मेमरीत एका छोट्या नोंदीत ठेवतो. तिला डेंट्री म्हणतात. यंत्रावर कोणीही कुठलीही फाइल उघडो, पूर्ण पत्ता दिला की सुरुवात मूळ डिरेक्टरीच्या डेंट्रीपासून.

शोधणं म्हणजे वाचणं, असं आपण समजतो. मग भांडण कशाला? पण कर्नलला एक धास्ती असते: मी ही नोंद वाचत असताना दुसऱ्या कोणी ती पुसून टाकली तर? म्हणून प्रत्येक नोंदीत एक आकडा असे, सध्या किती जण ही नोंद वापरताहेत तो. पायरीवर पाय ठेवताना एक मिळवायचा, उचलताना एक वजा करायचा. म्हणजे वाचणारा प्रत्येक जण लिहीत होता. सगळे कोअर सगळ्या फाइलींसाठी मूळ डिरेक्टरीच्या त्या एका आकड्यावर लिहिणार, आणि ती कॅशलाइन क्षणभरही कुठे टिकणार नाही.

यातून सुटकेची वाट आरसीयू नावाच्या तंत्राने दाखवली. पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी ते १९९० च्या दशकात सीक्वेंट कंपनीच्या युनिक्ससाठी विकसित केलं, आणि २००२ मध्ये ते लिनक्समध्ये आलं. डेंट्रींच्या शोधात आरसीयू बसवण्याच्या कामात आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स चमूतले दीपंकर सरमा आणि मनीष सोनी हे पुढे होते. २००४ मध्ये मॅकेनींबरोबर त्यांनी त्यावर लेखही लिहिला.

आरसीयूची कल्पना थोडक्यात अशी. वाचणाऱ्याने काहीच लिहायचं नाही. नोंद काढून टाकणाऱ्याने ती साखळीतून सोडवावी, म्हणजे नव्याने येणाऱ्याला ती सापडणार नाही; पण तिची मेमरी लगेच परत देऊ नये. जे आधीपासून वाचताहेत त्यांचं होईपर्यंत थांबावं. आता, वाचणारे काहीच लिहीत नसतील तर त्यांचं झालं हे कळणार कसं? इथे खरी करामत आहे. नियम असा, की वाचन चालू असताना कोअरने हातातलं काम सोडून दुसरं घ्यायचं नाही. मग प्रत्येक कोअरने एकेकदा काम बदललं, की त्याच्याकडचं आधीचं वाचन संपलंच पाहिजे. कोअर काम तर एरवीही बदलतच असतात, आणि कर्नलला ते ठाऊक असतं. त्यामुळे वाचणाऱ्याला एकही आकडा न हलवता ‘माझं झालं’ हे कळवता येतं. (पुढे या नियमाचे सैल प्रकारही निघाले, मूळ तत्त्व तेच.)

तरी आकड्याचा प्रश्न पुरता सुटला नव्हता. आरसीयूमुळे साखळीत शोधणं बिनलेखी झालं, पण नोंद सापडल्यावर तिच्यावरचा आकडा वाढवणं चालूच होतं. ते काढून टाकलं निक पिगिन यांनी, मार्च २०११ मध्ये आलेल्या २.६.३८ आवृत्तीत. त्यांनी प्रत्येक डेंट्रीतल्या एका क्रमांकाचा आधार घेतला. नोंद बदलायला लागताना बदलणारा तो एकाने वाढवतो, संपल्यावर आणखी एकाने. म्हणजे विषम क्रमांक दिसला तर बदल चालू आहे. वाचणारा सुरुवातीला क्रमांक पाहतो, नोंद वाचतो, पुन्हा क्रमांक पाहतो. तोच असेल तर वाचलेलं खरं. बदललेला असेल तर वाचलेलं टाकून देतो आणि गरज पडली तर जुन्या, आकडा वाढवणाऱ्या पद्धतीने शोध घेतो. सर्वसाधारण प्रसंगी अख्खा पत्ता चालून होतो आणि वाटेतल्या एकाही सामायिक कॅशलाइनवर एकही बाइट लिहिला जात नाही. फक्त शेवटच्या पायरीवर, फाइल खरोखर हाती घेताना, आकडा वाढवावा लागतो.

नोंदीतला ८८वा बाइट

एवढं झाल्यावर हा विषय संपला असं वाटेल. पण २०२४ मधला एक बदल पाहा. ६४-बिट यंत्रावर डेंट्री १९२ बाइटांची, म्हणजे बरोबर तीन कॅशलाइनींची असते. पहिल्या ५६ बाइटांत शोधाला लागणारी माहिती: खुणा, क्रमांक, साखळीतली जागा, पालक वगैरे. ५६ पासून ८७ पर्यंत फाइलीचं छोटं नाव थेट नोंदीतच ठेवायची सोय. आणि ८८ व्या जागेपासून आठ बाइट वापरणाऱ्यांचा आकडा व लॉक.

आता ६४ ची रेघ कुठे पडते ते बघा. नावाचे पहिले आठच बाइट पहिल्या कॅशलाइनमध्ये बसतात. उरलेलं नाव दुसऱ्या कॅशलाइनमध्ये, आणि तो आकडाही तिथेच. अनेक कोअर एकाच फाइलीची माहिती मागू लागले, की एक जण शेवटच्या पायरीवर आकडा वाढवणार, आणि त्याच क्षणी दुसऱ्याकडे असलेली नावाची प्रत रद्द होणार. त्याला आकडा नकोच होता, नाव जुळवून पाहायचं होतं.

मातेउश गुझिक यांनी हा आकडा ८८ वरून १२८ वर, म्हणजे तिसऱ्या कॅशलाइनच्या आरंभी, नेला. मधे सुटलेले आठ बाइट नावाला मिळाले, ३२ चे ४० झाले, आणि नोंद होती तेवढीच, १९२ बाइटांची राहिली. वीस जण एकाच फाइलीची माहिती मागताहेत अशा चाचणीत वेग निम्म्याहून अधिक वाढला. बदल ६.११ आवृत्तीत आला. गणित बदललं नाही, पद्धत बदलली नाही; आठ बाइट चाळीस बाइट पुढे सरकले.

अशी आणखी उदाहरणं आहेत. मार्च २०२४ च्या ६.८ आवृत्तीत नेटवर्कच्या महत्त्वाच्या नोंदींची अशीच फेरमांडणी झाली. त्या वेळी अनेक जोडण्या एकदम चालू असताना टीसीपीचा वेग ४० टक्क्यांपर्यंत सुधारल्याचं नोंदवलं गेलं. त्याबरोबर एक चांगली सोयही केली गेली: या मांडणीत पुढे कोणी नकळत ढवळाढवळ केली तर कर्नल तयार होतानाच इशारा मिळतो. अशी राखण मला मूळ सुधारणेइतकीच मोलाची वाटते. एखादा नवा रकाना निष्पापपणे मधे घातला जातो, पुढचं सगळं आठ बाइटांनी सरकतं, प्रोग्राम अचूकच चालतो, आणि महिन्याभराने दुसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवर वेग का पडला याचा शोध सुरू होतो.

जागा सोडणं हा मात्र सरसकट उपाय नव्हे. आठ बाइटांच्या आकड्याला ६४ बाइट दिले तर कॅशमध्ये मावणाऱ्या उपयोगी गोष्टी तेवढ्या कमी होतात. लाखो प्रती असणाऱ्या नोंदीत अशी उधळपट्टी परवडत नाही. त्यामुळे एकत्र वाचल्या जाणाऱ्या गोष्टी एकत्र, सतत लिहिल्या जाणाऱ्या त्यांच्यापासून दूर, आणि यातलं काय कुठे मोडतं हे मोजून ठरवायचं. ‘पर्फ सीटूसी’ हे हत्यार त्यासाठीच आहे. कोणती कॅशलाइन कोअरांमध्ये खेचली जातेय, तिच्या कितव्या बाइटावर कोण वाचतंय आणि कोण लिहितंय, हे ते दाखवतं. ‘पहोल’ हे दुसरं हत्यार नोंदीची बाइटवार मांडणी आणि त्यात ६४ ची रेघ कुठे पडते ते छापून देतं.

ही दोन्ही हत्यारं फुकट आहेत आणि लिनक्सचा सगळा स्रोत सर्वांना खुला आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: सुरुवातीला दिलेला ‘अ’ आणि ‘ब’चा प्रयोग आधी स्वतः करा, त्याला वीस-पंचवीस ओळी पुरतात. मग ‘पहोल’ला डेंट्रीची मांडणी छापायला सांगा, एकदा ६.१० च्या कर्नलवर आणि एकदा ६.११ च्या, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून तो आकडा कुठून कुठे गेला ते शोधा.